बाळंतीण उंदरीण: पोट कमी पडतं की अंग तापतं?

“हॅमस्टरला पिल्लं झालीत, बल्ब किती वॅटचा लावू?” हा प्रश्न मला दर हिवाळ्यात येतो. हॅमस्टर म्हणजे उंदराचाच आखूड शेपटीचा, पाळीव भाऊबंद, म्हणून पुढचं बहुतेक बोलणं उंदरांचंच आहे. गंमत म्हणजे एप्रिलमध्येही येतो, आणि तोही नागपूरहून. विचारणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. आपल्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायची रीत, तेव्हा पिंजऱ्याखालीही काहीतरी धगधगतं हवं असं वाटणारच. शिवाय शाळेत शिकलेलं असतं की लहान प्राण्याची ऊब लवकर निघून जाते. बल्ब नको म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: “मग ती बारकी का दिसते? सारखी खात का असते? पिल्लांना सोडून बाहेर का पडते?” या तिन्ही गोष्टींचं एकच कारण लोकांनी ठरवून टाकलेलं असतं. तिला पुरत नाही. ऊर्जा कमी पडते, ऊब कमी पडते, म्हणजे जे काही आहे ते कमीच पडतं.

ऊर्जा कमी पडणं आणि उष्णता बाहेर न पडणं ही दोन दुखणी वेगळी आहेत, इतकंच नाही तर उपायाच्या बाबतीत एकमेकांच्या उलटी आहेत. माझा सगळा वैताग या एका घोटाळ्यावर आहे.

पहिलं दुखणं तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगतो. उंदराचं वजन वीस-चाळीस ग्रॅम, त्या मानाने अंगाचं क्षेत्रफळ मोठं, त्यामुळे ऊब झपाट्याने निघून जाते. नुसता बसलेला एकटा उंदीर ३० अंश सेल्सिअसच्या आसपास निवांत असतो, म्हणजे ज्या तापमानाला आपण पंख्याचं बटण शोधतो तिथे. नुकती जन्मलेली पिल्लं उघडी असतात, त्यांना स्वतःचं तापमान सांभाळता येत नाही. ती एकमेकांना चिकटून ढीग करून राहतात. पाजायला लागलेल्या आईचं खाणं तिपटी-चौपटीने वाढतं, आतडं आणि यकृत वाढतं. हे सगळं खरं आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

किरकोळ गोंधळही उरकून टाकू. अंग तापणं म्हणजे ताप नव्हे. तापात शरीर स्वतःच आपली पातळी वर नेऊन ठेवतं. इथे आत तयार झालेली उष्णता बाहेर पडायला वाट मिळत नाही. आंबा खाल्ल्यावर “उष्ण पडतं” म्हणतो ते तर तिसरंच, त्याचा इथे संबंध नाही. आणि काही लहान प्राणी ऊर्जा वाचवायला दिवसातले काही तास अंग गार पाडून सुस्त पडतात, ती शीतनिद्रा नव्हे. शीतनिद्रा दिवसच्या दिवस चालते. पुढे.

आता मुख्य मुद्दा. पिठाची गिरणी डोळ्यांपुढे आणा. गिरणी तासाला ठरावीक पायलीच दळते, त्याहून जास्त नाही. का? एक, वरच्या तोंडातून धान्यच त्याहून वेगाने आत जात नाही. दोन, दगडच लहान आहे. तीन, धान्यही आहे, दगडही मोठा आहे, पण जोरात चालवली की दगड तापतो आणि पीठ करपायला लागतं, म्हणून गिरणीवाला हात आवरता घेतो. बाहेर रांगेत उभ्या माणसाला तिन्ही वेळा एकच दिसतं: पीठ हळू येतंय. उंदरिणीचं तसंच आहे. तोंड म्हणजे तिचं आतडं, दगड म्हणजे दुग्धग्रंथी, आणि तिसरी गोष्ट म्हणजे उष्णता. खाणं चावायचं, पचवायचं, त्याचं दूध करायचं, या प्रत्येक पायरीला उष्णता सुटते. वर अंगावर केसांचं पांघरूण, भोवती गवत-कापसाचं घरटं आणि पोटाला बिलगलेली दहा-बारा पिल्लं.

यातलं कुठलं कारण खरं हे नुसतं बघून ठरत नाही. ते ओळखायला माणसांनी बऱ्याच खटपटी केल्या, आणि मला त्या खटपटींचा क्रमच सगळ्यात आवडतो.

आधी संशय आतड्यावर होता. १९९०च्या दशकात अमेरिकेत किम्बर्ली हॅमंड आणि जॅरेड डायमंड यांनी पाजणाऱ्या उंदरिणींना थंडीत ठेवलं. आता याहून जास्त खाऊच शकणार नाही असं वाटत होतं, त्या उंदरिणी गारठ्यात आणखी खायला लागल्या. म्हणजे तोंड अडलेलं नव्हतं. मग संशय दुग्धग्रंथींवर गेला. निम्म्या ग्रंथी कमी केल्या तर उरलेल्यांना ती तूट भरून काढता येत नाही असं दिसलं, तेव्हा दगडच लहान असं म्हणायला जागा झाली.

मग स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनमध्ये एल्झ्बिएता क्रूल आणि जॉन स्पीकमन यांनी पाजणाऱ्या उंदरिणी तीन तापमानांना ठेवल्या: ३०, २१ आणि ८ अंश. आणि त्यांनी नुसतं खाणं नाही, तर दुधातून पिल्लांकडे जाणारी ऊर्जा मोजली. २००३ साली छापलेले आकडे असे: ३० अंशांना दिवसाला साधारण ८८ किलोज्यूल, २१ला १६७, आणि ८ अंशांना २८८. जे तापमान एकट्या उंदराला सगळ्यात सुखाचं, तिथेच आईचं दूध सगळ्यात कमी. त्या उबदार खोलीतली पिल्लंही कमी वजनाची निघाली.

लोक अडखळतात ते नेमकं इथे. “थंडीत भूक वाढते, म्हणून जास्त खाल्लं, त्यात काय?” असं म्हणून आकडा झटकून टाकतात. पण वरचे आकडे खाण्याचे नाहीत, दुधाचे आहेत. थंडीत जास्तीचं खाल्लेलं सगळं आईच्या स्वतःच्या उबेसाठी जळून गेलं असतं तर दूध तेवढंच राहिलं असतं, किंवा घटलं असतं. इथे ते २१ अंशांच्या तुलनेत पावणेदोन पटीच्या जवळ गेलं. दगड लहान असता तर हे झालंच नसतं. गार हवेने दगड गार ठेवला, म्हणून गिरणी जोरात चालवता आली.

एक शंका मात्र रास्त आहे, आणि ती विचारणाऱ्याला मी चहा पाजतो. गारठ्यात पिल्लांनाही थंडी वाजते, त्यांची मागणी वाढते, म्हणून आईने जास्त दूध दिलं असेल, तर? या शंकेवर क्रूल-स्पीकमन यांनी काढलेला उपाय इतका साधा आहे की हसू येतं. त्यांनी खोलीचं तापमान तेच ठेवलं आणि फक्त आयांच्या पाठीवरचे केस भादरले. पिल्लांसाठी हवा तीच, पांघरूण उतरलं ते एकट्या आईचं. २००७ साली आलेल्या या निकालात भादरलेल्या आयांनी सुमारे १२ टक्के जास्त खाल्लं आणि सुमारे १५ टक्के जास्त ऊर्जा दुधातून दिली. उघड्या पाठीतून ऊब जाते म्हणून खाणं वाढलं, एवढंच असतं तर दूध वाढायचं कारण नव्हतं.

आता दुसऱ्या टोकाचे लोकही मला छळतात, तेव्हा त्यांचंही ऐकवतो. “म्हणजे सगळ्याच प्राण्यांत उष्णताच आडवी येते तर!” नाही. चीनमध्ये स्विस जातीच्या उंदरांवर असाच भादरण्याचा प्रयोग झाला. तिथे आयांनी खाल्लं जास्त, पण पिल्लांच्या पदरात काही जास्त पडलं नाही. जास्तीचं खाणं उघड्या पाठीतून ऊब होऊन गेलं. त्या उंदरांत दगडच लहान असणार. जात बदलली, खोली बदलली की आडवी येणारी गोष्ट बदलते. माझं मत विचाराल तर आपल्या हवेत, बंद घरट्यात, मोठं वेत असलेल्या आईबाबत मी आधी उष्णतेवर संशय घेईन आणि मग बाकीच्यांवर. पण ते मत आहे, नियम नव्हे.

दोन्ही बाजूंना सारखीच लागू पडणारी एक गोष्टही सांगून ठेवतो, कारण ती पुरावा म्हणून दोन्हीकडचे फडकवतात. उंदरांच्या अंगात ऊब तयार करणारी तपकिरी चरबी असते. पाजण्याच्या काळात आई ही शेगडी जवळजवळ विझवून टाकते. ऊर्जावाला म्हणतो, बघा, काटकसर. उष्णतावाला म्हणतो, बघा, आधीच उकडतंय. दोघंही बरोबर असू शकतात. म्हणून नुसत्या या एका गोष्टीवरून निकाल देणाऱ्याचं ऐकू नका.

आणि ते “पिल्लांना सोडून जाते”. हा आरोप ऐकला की माझं डोकं तापतं. मायकेल लिऑन आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली प्रयोगशाळेतल्या घुशीएवढ्या उंदरांवर दाखवलं की आई पिल्लांवरून उठते तेव्हा तिचं अंग तापलेलं असतं. पिल्लांच्या ढिगावर बसलं की तिचं तापमान चढत जातं, एका हद्दीला ती उठते, बाहेर निवते आणि परत येते. पिल्लं वाढतात, त्यांच्या अंगावर केस येतात, ती स्वतः ऊब धरायला लागतात, तसतशा तिच्या बैठका आखूड होत जातात. हे प्राणी आपल्यासारखे घामाने निथळत नाहीत, कुत्र्यासारखी जीभ काढून धापाही टाकत नाहीत. फार उकडलं तर अंगाला लाळ फासतात आणि बिनकेसाच्या शेपटीतून उष्णता सोडतात. बाहेर निघून जाणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

मंगोलियाकडच्या कॅम्पबेलच्या बुटक्या हॅमस्टरचं उदाहरण तर मी हटकून देतो. थंड, कोरड्या मुलखातला प्राणी, म्हणजे आईला ऊब कमी पडायला हवी. पण तिथेही पाजणारी मादी तापते. निवायला तिला घरट्याबाहेर पडावं लागतं, आणि तेवढ्या वेळात उघड्या पिल्लांवर बाप बसतो. बापाचं काम तिला ऊब देणं नाही, तिला गार व्हायला मोकळं करणं आहे.

तर बल्ब. एकाच घरट्यात पिल्लांना ऊब हवी असते आणि आईला गारवा. संपूर्ण पिंजरा तापवला तर आईला पळायला जागाच उरत नाही. भरपूर मऊ कागद, कापड किंवा गवत द्या, घरटं ती हवं तसं बांधेल, दाट-विरळ करेल. खोली फारच गार असेल तर पिंजऱ्याची एकच बाजू बाहेरून कोमट ठेवा, दुसरी तशीच गार सोडा. पाणी कधीही संपू देऊ नका, दूध पाण्याचंच होतं. विदर्भात मे महिन्यात बल्बचा विचारही करू नका, पिंजरा घरातल्या सगळ्यात थंड भिंतीला लावा. आणि ती घरट्याबाहेर, गार कोपऱ्यात, अंग लांब टाकून पसरलेली दिसली तर तिला उचलून पिल्लांवर आणून बसवू नका. निवली की ती आपली आपण येते.