वाढत्या हाडांवर उपचार करणारे हात कसे घडतात

आठ वर्षांच्या मुलीचे दंडाचे हाड खांद्याजवळ मोडले आणि एक्स-रेमध्ये तुकडे एकमेकांपासून बरेच सरकलेले दिसले, तरी मुलांच्या हाडांचे तज्ज्ञ बहुतेक वेळा हात झोळीत ठेवतात, वेदनाशामक औषध देतात आणि काही दिवसांनी पुन्हा तपासायला बोलावतात. तेच हाड कोपराच्या किंचित वर मोडून तेवढेच सरकले असेल, तर मात्र ते मुलीला भूल देऊन तुकडे जागेवर बसवतात आणि पुन्हा हलू नयेत म्हणून त्यांत बारीक तारा घालतात. हाड एकच, सरकणेही सारखेच, पण निर्णय परस्परविरुद्ध. मोठ्या माणसांची हाडे जोडण्यात वर्षे घालवलेल्या सर्जनलाही हा फरक आपोआप कळत नाही. तो शिकावा लागतो, आणि तो शिकवायचा कसा, हा अस्थिशल्यचिकित्सेच्या शिक्षणातला एक अवघड प्रश्न आहे.

या फरकाचे मूळ लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या पट्टीत आहे. डॉक्टर तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. कूर्चेच्या या पातळ थरातल्या पेशी विभागत राहतात, जुन्या पेशींच्या जागी हाड तयार होते आणि अशा रीतीने हाड लांब होते. मात्र दोन्ही टोकांचा वाटा सारखा नसतो. दंडाच्या हाडाची सुमारे ८० टक्के वाढ खांद्याकडच्या पट्टीतून होते, त्यामुळे तिथले वाकडेपण वाढीच्या ओघात पुष्कळसे सरळ होते. कोपराकडे जेमतेम २० टक्के वाढ होत असल्याने तिथे राहिलेले वाकडेपण बहुतांशी कायमचे राहते. मांडीच्या हाडात याच्या उलट, सुमारे ७० टक्के वाढ गुडघ्याच्या बाजूने होते. त्या पट्टीला इजा होऊन तिचा एक भाग बंद पडला, तर उरलेला भाग वाढत राहतो आणि पाय वर्षागणिक वाकत जातो. टोरांटोच्या रॉबर्ट सॉल्टर आणि रॉबर्ट हॅरिस यांनी १९६३ मध्ये अशा इजांचे पाच प्रकार मांडले, आणि ते आज प्रत्येक निवासी डॉक्टरला पाठ असतात. पण नुसत्या पाठांतराने भागत नाही. पाचव्या प्रकारात पट्टी चिरडलेली असते, आणि पहिल्या दिवसाच्या एक्स-रेमध्ये बहुधा काहीच दिसत नाही; वाढ थांबल्याचे कित्येक महिन्यांनी लक्षात येते. हे ज्याला ठाऊक आहे, तो पालकांना प्लास्टर काढल्यावरही पुन्हा यायला सांगतो.

प्रशिक्षणार्थींची पहिली खरी कसोटी लागते ती कोपराच्या एक्स-रेवर. कूर्चा एक्स-रेमध्ये दिसत नाही, त्यामुळे वर्षभराच्या बाळाच्या कोपरात मोठी हाडे आणि त्यांच्यामध्ये एखादा छोटा ठिपका एवढेच दिसते. मग ढोबळमानाने पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आणि अकराव्या वर्षी एकेक नवे अस्थिकेंद्र, म्हणजे कूर्चेत हाड बनू लागल्याचा ठिपका, उमटत जाते. वये मुलागणिक मागेपुढे होतात, क्रम मात्र सहसा बदलत नाही, आणि निदान या क्रमावरच उभे असते. कोपराच्या आतल्या बाजूचा उंचवटा साधारण पाचव्या वर्षी दिसू लागतो, आणि सांध्यातला ट्रॉक्लिया नावाचा भाग त्यानंतर सातव्याच्या सुमारास. कोपर निखळताना हा आतला उंचवटा कधी कधी तुटून सांध्यात अडकतो आणि एक्स-रेमध्ये हुबेहूब ट्रॉक्लियासारखा दिसतो. नवखा डॉक्टर तो पाहून समाधानाने पुढे जातो. ज्याला क्रम अंगवळणी पडला आहे, तो विचारतो की ट्रॉक्लिया दिसत असेल तर त्याच्या आधी येणारा उंचवटा आपल्या जागी का नाही. एवढा एक प्रश्न विचारल्याने मुलाचा कोपर वाचतो. ही नजर तयार व्हायला मोडलेल्या कोपरांइतकेच निरोगी कोपरांचे एक्स-रे वयानुसार पाहावे लागतात, आणि माझ्या मते अभ्यासक्रमात नेमके तेच कमी पडते.

एक्स-रे नीट वाचला, तरी मूल तपासायचे राहतेच. कोपराच्या वर हाड मोडलेले पाच-सहा वर्षांचे मूल वेदनेने आणि भीतीने कावरेबावरे झालेले असते. बोटांतल्या संवेदनेविषयी विचारले तर ते धड उत्तर देत नाही. पण तारा घालण्यापूर्वी हाताच्या नसा शाबूत आहेत की नाहीत, हे नोंदवणे अनिवार्य आहे, कारण नंतर बोट हलले नाही तर ते पडल्यामुळे की शस्त्रक्रियेमुळे, हे सांगता येत नाही. यासाठी दगड, कागद, कात्री हा खेळ शिकवला जातो. मूठ वळता आली तर मध्यवर्ती नस काम करते आहे, पंजा उघडून मनगट व बोटे ताठ करता आली तर मागची, आणि कात्रीसारखी दोन बोटे फाकवता आली तर करंगळीच्या बाजूची. शेवटी अंगठा आणि तर्जनी यांची टोके जुळवून गोल करायला सांगतात, कारण या फ्रॅक्चरमध्ये वरचेवर दुखावणारी बारीक नस नेमकी ही हालचाल घडवते. दुखरा हात न हलवता, खेळता खेळता, मिनिटभरात ही तपासणी होते. मात्र मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून, आधी स्वतःच्या हाताने करून दाखवावी लागते.

शस्त्रक्रियेनंतरची रात्र परिचारिकेच्या हाती असते, म्हणून तिचे प्रशिक्षण डॉक्टरच्या प्रशिक्षणाइतकेच मोलाचे मानले पाहिजे. पुढच्या हातातल्या स्नायूंभोवती सूज वाढून आतला दाब चढला, की रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत स्नायू मरू लागतात. जर्मन शल्यविशारद रिचर्ड फोन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये वर्णन केलेला, बोटे कायमची आत वळलेला हात हा त्याचाच परिणाम. मोठी माणसे वेदनेचे वर्णन करतात. लहान मूल अस्वस्थ होते, घाबरते, आणि त्याला वेदनाशामकाची गरज कमी होण्याऐवजी वाढत जाते. या तीन खुणा एकत्र दिसल्या की मूल हट्टी आहे असे न समजता लगेच पट्ट्या सैल करून सर्जनला बोलवायचे, हे वॉर्डातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवे.

काही कौशल्ये मात्र निव्वळ स्पर्शाची आहेत. नवजात बाळाचा खुबा सैल आहे का, हे तपासण्याच्या दोन रीती जगभर वापरल्या जातात: इटलीच्या मारिनो ऑर्तोलानी यांनी १९३७ मध्ये वर्णन केलेली, निखळलेला खुबा पुन्हा आत जातो का हे पाहणारी, आणि इंग्लंडच्या थॉमस बार्लो यांची १९६२ मधली, आत असलेला खुबा बाहेर सरकतो का हे पाहणारी. दोन्हींत हाताला जाणवतो तो एक बारीक सरकाव. त्यासाठी बाळ शांत हवे, तपासणाऱ्याचे हात उबदार हवेत आणि जोर जवळजवळ नकोच. नवशिके बहुधा जोर लावतात. बाळ रडून स्नायू ताठ करते आणि जे जाणवायचे ते जाणवत नाही. बाळ तीन महिन्यांचे होईपर्यंत भोवतालचे स्नायू आखडू लागतात आणि ही चाचणी भरवशाची राहत नाही. मग मांडी बाहेरच्या बाजूला पुरेशी उघडते का, हे पाहावे लागते. म्हणून हा धडा प्रसूतिकक्षातल्या बालरोगतज्ज्ञांना आणि सुईणींनाही द्यावा लागतो. ऑस्ट्रियाच्या राइनहार्ड ग्राफ यांनी १९८० च्या सुमारास सोनोग्राफीची पद्धत आणली, पण यंत्र आले म्हणून हाताचे काम संपले नाही. सोनोग्राफीचा प्रोब थोडा तिरपा धरला तरी मोजलेला कोन बदलतो आणि निरोगी खुबा सदोष ठरू शकतो.

शिकवण्याची पद्धत चुकली तर चांगला उपचारही कसा अडगळीत पडतो, याचे सर्वांत ठळक उदाहरण क्लबफूटचे आहे. जन्मतःच पाऊल आत आणि खाली वळलेले असणे हा दोष दर हजार जन्मांमागे साधारण एका बाळात आढळतो. स्पेनमध्ये १९१४ मध्ये जन्मलेले इग्नासिओ पोन्सेती यांनी अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून हे पाऊल शस्त्राशिवाय सरळ करण्याची रीत विकसित केली. दर आठवड्याला पाऊल हळुवारपणे थोडे फिरवायचे, मिळालेली सुधारणा प्लास्टरने टिकवायची, आणि अशी पाच-सहा प्लास्टरे झाली की बहुतेक बाळांत टाचेमागची ताठ कंडरा एका छोट्या छेदातून कापायची. ती तीन आठवड्यांत पुन्हा जुळून येते. पुढे दोन बूट दांडीने जोडलेली ब्रेस पहिले तीन महिने जवळजवळ दिवसभर, आणि नंतर चार-पाच वर्षांचे होईपर्यंत झोपेत घालायची.

पोन्सेती यांनी हे १९६३ मध्ये प्रसिद्ध केले, तरी जगभरातले सर्जन पुढची तीन दशके मोठ्या शस्त्रक्रियाच करत राहिले, आणि त्यांतली बरीच पावले पुढे ताठ व दुखरी झाली. अनेकांनी प्लास्टर करून पाहिले होते, ते जमले नव्हते, आणि त्यांनी दोष पद्धतीला दिला होता. खरी चूक अंगठ्याच्या जागेची होती. पाऊल बाहेर फिरवताना आधार घोट्यातल्या टॅलस नावाच्या हाडाच्या डोक्यावर द्यावा लागतो. तो थोडा पुढे, पावलाच्या बाहेरच्या कडेवर दिला, तर टाचेचे हाड अडकून बसते आणि कितीही प्लास्टरे केली तरी सुटत नाही. तळव्याच्या अति खोल कमानीचा दोष सर्वांत आधी काढायचा असतो, त्यासाठी पावलाचा पुढचा भाग वर उचलावा लागतो, आणि नवख्याला तर वाटते की असे केल्याने पाऊल आणखीच आत वळेल. हे लेखातल्या चित्रावरून उमगत नाही. शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवून ते हाड शोधून द्यावे लागते. आयोवाच्या जुन्या रुग्णांचा तीस वर्षांहून अधिक काळानंतरचा आढावा १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ७८ टक्के रुग्णांची पावले चांगली किंवा उत्तम होती, तर जन्मतः दोष नसलेल्या तुलनेच्या गटात हे प्रमाण ८५ टक्के होते. त्यानंतर पालकांनी इंटरनेटवर एकमेकांना या उपचाराविषयी सांगायला सुरुवात केली, आणि सर्जन शिकायला येऊ लागले.

यातून पुढे आणखी मोठा प्रश्न आला: हा उपचार सर्जननेच का करावा? युगांडा आणि मलावी यांसारख्या देशांत सर्जन मोजके आणि बाळे पुष्कळ होती. तिथे अस्थिरोगाचे प्रशिक्षण घेतलेल्या, पण डॉक्टर नसलेल्या क्लिनिकल ऑफिसरांना ही रीत शिकवण्यात आली, आणि काळजीपूर्वक शिकवले तर ते प्लास्टरचा टप्पा उत्तम रीतीने पार पाडतात, हे दिसून आले. कॅनडात काम करणारे शफीक पिरानी यांनी बनवलेली गुणपद्धती इथे उपयोगी पडली. पावलाच्या सहा खुणांना प्रत्येकी शून्य, अर्धा किंवा एक गुण द्यायचा. बेरीज सहा असेल तर दोष सर्वाधिक, आणि आठवड्यागणिक ती उतरायला हवी. ती उतरत नसेल तर आपल्या हाताचे काहीतरी चुकते आहे, हे शिकणाऱ्याला स्वतःलाच कळते. मूळ दोष पुन्हा उद्भवण्याचे मुख्य कारण मात्र ब्रेस मध्येच सोडणे हे असते. म्हणून आईवडिलांशी कसे बोलायचे, बूट टोचतो म्हटल्यावर काय पाहायचे, हेही प्लास्टरइतक्याच गंभीरपणे शिकवायला हवे. बहुतेक ठिकाणी ते नुसते सांगून उरकले जाते, याचा मला मनापासून खेद वाटतो.

उपचार न करण्याचे शिक्षणही यातच येते. चालायला लागलेल्या बाळाचे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असतात, दोन वर्षांपर्यंत ते सरळ होतात, तीन-चार वर्षांच्या वयात गुडघे उलट एकमेकांकडे झुकतात आणि सातव्या वर्षापर्यंत पुन्हा बेताचे होतात. हा क्रम माहीत नसलेला डॉक्टर निरोगी मुलाला महागडे बूट लिहून देतो. याउलट काही तक्रारींत थांबणे घातक ठरते. वयात येणाऱ्या मुलाचा गुडघा दुखत असेल आणि गुडघ्यात काहीच सापडत नसेल, तर खुबा तपासलाच पाहिजे, कारण मांडीच्या हाडाचे डोके वाढीच्या पट्टीवरून घसरू लागले की वेदना पुष्कळदा गुडघ्यात जाणवते. या घसरणीत गेलेला प्रत्येक आठवडा सांध्याला महागात पडतो. अजून चालायलाही न लागलेल्या बाळाचे मांडीचे हाड मोडले असेल, तर हाडांचा जन्मजात ठिसूळपणा आणि मारहाण या दोन्ही शक्यता पडताळणे हे डॉक्टरचे कर्तव्यच आहे. तो संवाद आरोपाच्या सुरात न करता कसा करायचा, याचा सरावही आता अनेक ठिकाणी करून घेतला जातो.

हे सारे सामान्य अस्थिशल्यचिकित्सेचे शिक्षण संपल्यावर, बहुधा वर्षभराच्या फेलोशिपमध्ये शिकवले जाते, आणि अडचण इथेच आहे. वर्षभरात प्रशिक्षणार्थी पुष्कळ शस्त्रक्रिया पाहतो, पण आपण ज्याच्यावर उपचार केले ते मूल मोठे झालेले त्याला दिसत नाही. चार वर्षांच्या मुलाच्या खुब्यावर आज घेतलेला निर्णय योग्य होता का, याचे उत्तर वाढ पूर्ण झाल्यावर, म्हणजे दहा-बारा वर्षांनी मिळते. म्हणूनच चांगले शिक्षक नव्या रुग्णांबरोबर जुन्या रुग्णांच्या ओपीडीतही प्रशिक्षणार्थींना बसवतात, पहिल्या दिवसापासूनचे सगळे एक्स-रे ओळीने लावून दाखवतात, आणि निकाल सांगण्यापूर्वी प्रत्येक एक्स-रेपाशी थांबून विचारतात की या वेळी तुम्ही काय केले असते.