हौशी पूल संघ आणि स्थानिक स्पर्धा (कोल्हापूर)

हौशी पूल संघ आणि स्थानिक स्पर्धा : नोकरीधंदा सांभाळून संध्याकाळी पूल (टेबलावरचे बॉल ‘क्यू’ नावाच्या काठीने पॉकेटांत, म्हणजे कडेच्या भोकांत, घालायचा खेळ) खेळणाऱ्यांनी चार-पाच जणांचा संघ बांधून शहरातल्या किंवा आसपासच्या स्पर्धांत उतरण्याची पद्धत. कोल्हापुरात ‘पूल’ म्हटले की आधी पंचगंगेवरचा शिवाजी पूल आठवतो, आणि ‘जरा पुलावर जाऊन येतो’ असे घरी सांगणाऱ्याला ते सोयीचेही पडते. खेळाच्या नावाचा त्या पुलाशी काही संबंध नाही. इंग्रजीत सर्वांनी मिळून लावलेल्या पैजेच्या रकमेला पूल म्हणत. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत घोड्यांच्या शर्यतींवर पैजा घेणाऱ्या खोल्या होत्या. तिथे गिऱ्हाइकांचा वेळ जावा म्हणून बिलियर्डची टेबले मांडलेली असत. खोलीचे नाव खेळाला चिकटले, आणि नावाबरोबर बदनामीही आली. ती अजून पुरती गेलेली नाही.

मुळात हा एकट्याचा खेळ. टेबलापाशी एका वेळी एकच जण उभा असतो, बाकीच्यांनी नुसते बघायचे. मग संघ कशाला, हा प्रश्न कोल्हापूरकराला फारसा पडू नये. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींचे फुटबॉल संघ उतरतात तेव्हा अकरा जण एकत्र धावतात. पण त्याच तालमींच्या मूळच्या कुस्तीत मल्ल हौद्यात एकटाच उतरतो आणि हरला तर तालीम हरते. पूल संघ या दुसऱ्या जातीचा. फरक एवढाच की फुटबॉलचा संघ पेठेचा असतो, पूलचा टेबलाचा. ज्या पूल पार्लरच्या ज्या टेबलावर रोज गाठ पडते तिथेच तो जमतो. त्यात कॉलेजचा मुलगा असतो, उद्यमनगरात दिवसभर लेथवर उभा राहणारा असतो, दुकान वाढवून उशिरा येणारा व्यापारीही असतो.

क्यूच्या खेळांशी आपला संबंध जुना आहे. स्नूकरचा जन्मच 1875 मध्ये जबलपूरच्या ब्रिटिश छावणीतला मानतात. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स यांनी 1958 मध्ये हौशी बिलियर्डचे जागतिक विजेतेपद मिळवले, पुन्हा 1964 मध्ये मिळवले. पंकज अडवाणी यांचा जन्मही पुण्याचाच. पूल मात्र आपल्याकडे उशिरा रुजला, आणि स्नूकरच्या शेजारी राहूनच. स्नूकरचे टेबल 12 फुटी, बॉल 52.5 मिलिमीटरचे. पूलचे टेबल 7, 8 किंवा 9 फुटी, बॉल 57 मिलिमीटरचे, म्हणजे हाताला भरीव लागणारे. पॉकेटे रुंद. स्नूकरवरून आलेला गडी सुरुवातीला बॉल धडाधड पॉट करतो आणि चौथ्या-पाचव्या बॉलला अडकतो, कारण छोट्या टेबलावर गर्दी जास्त असते आणि पांढरा (क्यूने ज्याला मारतात तो बॉल) कुठे जाऊन थांबणार याचा हिशेब निराळा असतो.

संघस्पर्धांत बहुधा एट-बॉल खेळतात. पंधरा बॉल त्रिकोणात लावतात, काळा आठ नंबर मधोमध. 1 ते 7 पूर्ण रंगाचे, 9 ते 15 पट्ट्याचे; पार्लरमध्ये त्यांना लहान आणि मोठे म्हटले की काम भागते. ब्रेकनंतर, म्हणजे त्रिकोण फोडणाऱ्या पहिल्या फटक्यानंतर, टेबल सर्वांना खुले असते, पहिला नियमाने पडलेला बॉल कोणाचा गट कोणता ते ठरवतो. आपले सात संपले की काळा. तो आधी पडला, किंवा काळ्याबरोबर पांढराही पडला, तर फ्रेम (एक पूर्ण खेळ) गेली. सात बॉल सफाईने घालून आठव्याला हरण्याची सोय या खेळात पहिल्यापासून आहे. लोक पुन्हा पुन्हा टेबलाकडे वळतात, त्यात या सोयीचा वाटा मोठा असावा.

आता मुख्य गोष्ट, जोडीची. कोल्हापूरच्या मैदानी कुस्तीत जाणती माणसे मल्लाची अंगलट, दम आणि आजवरच्या कुस्त्या बघून जोड ठरवतात. तोडीस तोड नसेल तर प्रेक्षकांना मजा नाही आणि पैलवानाला मान नाही. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या, 1912 पासूनच्या खासबाग मैदानात हा रिवाज पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी पाहिला आहे. पूलच्या हौशी लीगने हेच काम आकड्यांवर सोपवले. अमेरिकेत 1979 मध्ये टेरी बेल आणि लॅरी हबर्ट या व्यावसायिक खेळाडूंनी सुरू केलेली लीग पुढे अमेरिकन पूलप्लेयर्स असोसिएशन म्हणून वाढली. तिच्या एट-बॉलमध्ये प्रत्येक खेळाडूला 2 ते 7 अशी पातळी मिळते. संघात जास्तीत जास्त आठ जण, पण एका लढतीत पाचच खेळतात, आणि त्या पाचांच्या पातळ्यांची बेरीज 23 च्या वर जाता कामा नये.

ही बेरीज कागदावर मांडून पाहिली म्हणजे तिची गंमत कळते. सात नंबरचे दोन गडी घेतले की 14 संपले, उरलेल्या तिघांना मिळून 9. म्हणजे तीन-तीन-तीन, चार-तीन-दोन, किंवा पाच-दोन-दोन. दोन वस्तादांबरोबर निदान दोन नवखे न्यावेच लागतात. शिवाय पातळी 7 चा खेळाडू पातळी 2 च्या समोर आला, तर पहिल्याला सात फ्रेम जिंकाव्या लागतात, दुसऱ्याला दोनच. दोन फ्रेम म्हणजे काय फार? एक चांगला ब्रेक आणि समोरच्याची एक चूक. म्हणून मुरलेले कप्तान आपल्या उत्तम खेळाडूपेक्षा पातळी 3 च्या गड्यावर जास्त मेहनत घेतात, आणि माझ्या मते ते बरोबर करतात.

पाचांचा क्रम आधी जाहीर होत नाही. एका कप्तानाने गडी पुढे केला की दुसरा त्याला बघून आपला काढतो. पुढच्या जोडीला पाळी उलटते. समोरच्याच्या सातवर आपला दोन टाकून तो सामना सोडून द्यायचा, की आपला सहा काढून भिडायचे, हा निर्णय कप्तान चहाचा कप हातात धरून करत असतो. शेवटच्या जोडीला बेरजेत कोण बसतो हेही त्याला बघावे लागते, नाहीतर चांगला गडी बाकावरच राहतो.

फ्रेम चालू असताना सल्ला देता येतो, पण मोजून. या लीगमध्ये फ्रेमला एक टाइम-आउट, पातळी 3 किंवा खालच्याला दोन. त्याचा उपयोग कुठे होतो ते एका उदाहरणाने पाहू. आपल्या गड्याचा फक्त काळा उरला आहे, तो तळाच्या कुशनला (टेबलाच्या रबरी कडेला) चिकटलेला. समोरच्याचे अजून चार बॉल टेबलावर. नवखा गडी चॉक घासतो, वाकतो, आणि कुशनच्या कडेकडेने काळा कोपऱ्यात सणसणीत मारायच्या तयारीला लागतो. चुकला तर काळा कुठेही जाईल आणि पांढरा समोरच्याला मोकळा मिळेल. कप्तान हात वर करतो, जवळ जातो आणि कानात एवढेच सांगतो, ‘भावा, मारू नगंस. नुसता हळू सोड.’ काळ्याला जेमतेम टेकून तो पॉकेटच्या तोंडाशी सरकवायचा आणि पांढरा समोरच्याच्या बॉलांआड दडवायचा. यातही एक खाच आहे : टेकल्यानंतर कोणता तरी बॉल कुशनला लागलाच पाहिजे, आणि काळा ज्या कुशनला आधीच चिकटला आहे ती त्याच्यासाठी धरत नाहीत. फार हळू सोडला तर फाऊल, आणि समोरच्याला पांढरा हातात, टेबलावर हवा तिथे ठेवायला.

पातळी ठरते ती नोंदीवरून. किती पाळ्यांत फ्रेम जिंकली, त्यांतले किती फटके मुद्दाम बचावाचे होते, हे वहीत लिहिले जाते. जिथे आकड्यावर सवलत मिळते तिथे आकडा खाली ठेवायचा मोह आलाच. सोपे बॉल चुकवून पातळी 3 वर राहणारा, आणि अंतिम फेरीत अचानक फॉर्म गवसणारा गडी सगळीकडे भेटतो. कोल्हापूरकराला नुरा कुस्ती लांबून ओळखू येते, तसा हाही ओळखू येतो, फक्त सिद्ध करता येत नाही. बचावाच्या फटक्यांची वेगळी नोंद ठेवण्यामागे हेही एक कारण आहे.

स्थानिक स्पर्धांत सर्वांत जास्त भांडणे नियमांवरून होतात, कारण प्रत्येक पार्लरचा घरचा नियम वेगळा. ब्रेकवर काळा पडला तर? वर सांगितलेल्या लीगमध्ये फ्रेम जिंकली. जागतिक नियमांत काळा पुन्हा जागेवर किंवा ब्रेक पुन्हा. प्रत्येक फटक्याला बॉल आणि पॉकेट सांगायचे, की फक्त काळ्याला? फाऊलनंतर पांढरा कुठेही, की ब्रेक मारतात त्या रेषेमागेच? हे प्रश्न खेळ सुरू होण्याआधी विचारावेत. टेबल लावणारा आणि गुण लिहिणारा मार्कर याबाबत आयोजकांपेक्षा भरवशाचा असतो. तंटा झाला की शेवटी त्याच्याच तोंडाकडे बघतात.

स्पर्धा बाद पद्धतीच्या किंवा साखळी पद्धतीच्या असतात. काही ठिकाणी दोनदा हरल्यावरच बाहेर पडावे लागते, ही हौशी संघाला परवडणारी पद्धत. इचलकरंजी, सांगली, मिरज जवळ असल्याने खेळून रात्रीच परतता येते. परगावच्या टेबलावर अर्धा तास आधी पोचून कुशन किती बॉल परतवते ते तपासावे. पावसाळ्यात हे जास्तच गरजेचे. कापड ओल धरते, बॉल जड धावतो, आणि उन्हाळ्यात दोन कुशन खाऊन येणारा पांढरा एकाच कुशनला येऊन बसतो. रोजच्या खेळात टेबलाचे पैसे हरणारा देतो. संघस्पर्धेत ते प्रवेश फीमध्ये धरलेले असतात, तरी सरावाच्या त्या अर्ध्या तासाचे वेगळे मोजावे लागतील का, हे आधीच विचारून घ्यावे.