नवउद्यमाची पारख (साहस भांडवल)

साहस भांडवल (परतफेडीच्या हमीशिवाय, हिश्श्याच्या बदल्यात घातलेला पैसा) गुंतवण्यापूर्वी नवउद्यमाची (स्टार्टअपची) माणसे, बाजार, हिशेब आणि कागदपत्रे तपासण्याची प्रक्रिया. व्यवहारात 'ड्यू डिलिजन्स' हाच शब्द चालतो.

खानदेशात पैसे देण्याआधी 'माणूस कसा शे?' हे विचारायची रीत जुनी. तारणाचे बोलणे त्यानंतर. साहस भांडवलातही पहिला प्रश्न तोच, पण तारणाच्या जागी कंपनीतला हिस्सा येतो आणि सगळे गणित फिरते. कर्ज देणाऱ्याला मुद्दल-व्याज मिळाले की पुरे. साहस भांडवल घालणाऱ्या फंडाच्या मात्र बऱ्याचशा गुंतवणुकी बुडतात आणि एखाद-दुसरी सगळ्यांची भरपाई करते. म्हणून 'बुडेल का' याच्याही आधी 'चालला तर किती वाढेल' हे पाहतात. सावकारी नजरेला हे सहसा पचत नाही. अमळनेरात १९४५ मध्ये निघालेली वनस्पती तुपाची कंपनी पुढे विप्रो झाली. तेव्हाच्या कुठल्याही छाननीत संगणकाचा रकाना असणे शक्य नव्हते.

समजा, रावेर-सावद्याकडची कच्ची केळी घेऊन, चेंबरमध्ये पिकवून शहरांत विकणारा एक उद्यम आहे. संस्थापक देशभरच्या बाजाराचे आकडे मांडतो. तपासणारा एका किलोवर येतो. खरेदी, कापणी, वीज, गाडीभाडे आणि घट वजा जाता हातात काय राहते? किलोमागे तोटा असेल तर जितक्या गाड्या जास्त, तितका खड्डा खोल. मग गिऱ्हाईक: निम्म्याहून अधिक माल एकाच दुकानदाराकडे तर जात नाही ना? जूनच्या वादळात बागा आडव्या झाल्या तेव्हा माल कुठून आणला, हे प्रेझेंटेशनमध्ये नसते. पहाटे गाडी भरणाऱ्या हमालाला ठाऊक असते.

खात्यात ६० लाख आणि दरमहा ५ लाखांची गळती असेल, तर तग १२ महिन्यांची. यालाच 'रनवे' म्हणतात. गुंतवणुकीआधीचे मूल्य ४ कोटी ठरवून १ कोटी घातले, तर पैसे आल्यावर मूल्य ५ कोटी होते, म्हणून हिस्सा २० टक्के मिळतो, २५ नव्हे. नवखे इथेच घसरतात.

असे फंड सेबीच्या २०१२ च्या पर्यायी गुंतवणूक निधी नियमांखाली नोंदवले जातात. एंजल टॅक्स, म्हणजे कंपनीने रास्त मूल्यापेक्षा चढ्या दराने शेअर विकले तर वरच्या रकमेवर लागणारा कर, २०२४ च्या अर्थसंकल्पाने रद्द केला.

घरगुती धंद्यात खरी गुंतागुंत कागदांची. चेंबर उभे असते वडिलांच्या सातबाऱ्यावर, कंपनीच्या नावावर काहीच नसते, आणि मेहुण्याला हिस्सा कबूल केलेला असतो तोंडी. जागेचा भाडेकरार नोंदवून आणि मेहुण्याचे नाव भागधारकांच्या यादीत घालून किंवा त्याचा दावा लेखी सोडवून घेऊन मगच पैसे सोडतात.