ब्रोमेलियाडच्या वाटीत डास होतात का? भांडण जुनंच आहे

2024 च्या जूनमधे पुण्याच्या एरंडवण्यात डासांमुळे पसरणाऱ्या झिकाचे पेशंट सापडले आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लगेच फर्मान निघालं, पानात पाणी साठणारी झाडं काढून टाका. बाकी कुणाकडे फार काही नव्हतं, त्यामुळे बोट सरळ आमच्या बाल्कनीतल्या ब्रोमेलियाडकडे, म्हणजे पानांच्या मधोमध वाटीसारख्या जागेत पाणी साठवणाऱ्या शोभेच्या झाडांकडे. तेव्हापासून हे एकदा नीट लिहायचं डोक्यात होतं, कारण हा वाद पुण्यातला नाहीये आणि नवाही नाहीये, ऐंशी वर्षं चालू आहे.

लांबचा इतिहास थोडक्यात. ही सगळी मंडळी अमेरिका खंडातली, तीन हजारांवर जाती, त्यातली फक्त एक पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीत सापडते. आपल्याकडे यातला एकच भाऊ आधी आला, अननस, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर, नावासकट. शोभेचे भाऊबंद एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या श्रीमंतांच्या गरम काचघरांत गेले, मग हॉलंड-बेल्जियमवाल्यांनी गुझमानिया, व्रिसियाच्या सुटसुटीत कुंडीतल्या जाती काढल्या आणि आज हडपसरच्या नर्सरीत लाल तुरा काढून उभं असतं ते त्याच वळणाचं. पुण्यात ही आवड खरी वाढलेली मी बघितली ती लॉकडाऊननंतर. पाहुणे याला बांडगूळ म्हणतात ते मात्र चूक, बांडगूळ झाडाचा रस पितं, हे नुसतं फांदीवर बसतं, आपल्या सीतेची वेणी नावाच्या ऑर्किडसारखं.

आता वाटी. मुळांचं मुख्य काम धरून बसायचं, पाणी आणि अन्न बरंचसं पानांच्या बुडाशी साठलेल्या पाण्यातून, पानावरच्या बारीक खवल्यांनी ओढलं जातं. म्हणजे वाटी कायमची कोरडी ठेवा म्हणणं हे झाडाला उपाशी ठेवा म्हणण्यासारखंच आहे. एप्रिल-मेच्या पुण्यातल्या कोरड्या हवेत तर विचारूच नका.

आणि भीती अगदीच खोटी होती असंही नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. 1940 च्या दशकात त्रिनिदादमधे कोकोच्या मळ्यांत सावलीसाठी लावलेल्या उंच झाडांवर ब्रोमेलियाड लगडलेले असायचे आणि त्यांच्या वाट्यांमधे मलेरियाचा डास वाढायचा. उपाय काय केला, तर झाडांवर मोरचुदाचं पाणी मारलं! मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार आणि ब्रोमेलियाडला तांबं अजिबात सोसत नाही, ते मेले. (म्हणूनच द्राक्षबागेत चालतं म्हणून कुंडीतल्या गुझमानियावर बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, मारू नका, आमच्या एका काकांनी मारलं होतं, आठवड्यात सगळं तपकिरी.) त्याच सुमाराला दक्षिण ब्राझीलच्या सांता कातारिना राज्यात मजूर लावून ब्रोमेलियाड हाताने ओरबाडून काढले आणि शहरांच्या आसपासचं जंगलसुद्धा तोडलं. तिथे या आजाराचं नावच ब्रोमेलियाड मलेरिया पडलं होतं.

पण इथेच घोळ आहे. तो मलेरियाचा डास ॲनोफिलीस जातकुळीच्या एका वेगळ्या गटातला, तिकडचाच, ब्रोमेलियाडच्या पाण्यातच अंडी घालणारा. आपल्याकडे तो नाहीच. डेंग्यू आणि झिकावाला एडिस इजिप्टाय हा माणसाच्या घराला सोकावलेला, त्याला ड्रम, टायर, कूलर, कुंडीखालची ताटली काहीही चालतं. म्हणजे मूळ भांडण एका डासाचं होतं आणि शिक्षा दुसऱ्या डासाच्या नावाने चालू राहिली, झाड तेच.

ब्राझीलच्या रिओमधे डेंग्यू वाढला तेव्हा तिथेही लोक ब्रोमेलियाडवर तुटून पडले. मग एका बागेत वर्षभर वाट्यांमधल्या अळ्या मोजल्या तर एडिस इजिप्टाय एक टक्क्याच्याही आत निघाला, बाकी सगळे दुसरेच डास. ही गोष्ट ब्रोमेलियाडवाले सगळीकडे सांगतात, मीही सांगतो. पुढची गोष्ट मात्र आम्ही जरा हळू आवाजात सांगतो. 2016 मधे झिका अमेरिकेतल्या मायामीत पोचला, शेजारच्या मायामी बीच या शहराच्या प्रशासनाने सार्वजनिक जागांमधले ब्रोमेलियाड उपटून टाकले, बागवाले भडकले, आणि दोन वर्षांनी तिथल्याच पाहणीत दिसलं की शहरातल्या शोभेच्या ब्रोमेलियाडमधे एडिस इजिप्टाय चांगलाच वाढतोय. म्हणजे रिओत नाही आणि मायामीत आहे. माझ्या मते फरक झाडात कमी आणि आजूबाजूला जास्त असणार, दाट वस्ती, जमिनीत रांगेने लावलेले शेकडो ब्रोमेलियाड आणि त्यांच्या वाट्या रिकाम्या करायला कुणीच नाही.

तरी उपटणं हा निर्णय मला पटलेला नाही. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणजे आठवड्यातून एकदा वाटी उलटी करून नवीन पाणी भरलं की चक्र तुटतं, बाल्कनीतल्या चार कुंड्यांना हे सहज जमतं, मायामीच्या रस्त्यांवर नसेल जमत. काही जण पाण्यावर तेलाचे थेंब टाकतात, त्याने अळ्या मरतात पण पानावरचे खवलेही बुजतात, ते नको. बोअरचं पाणी असेल तर आठवड्याला पाणी बदलल्याचा आणखी एक फायदा, वाटीत पांढरा क्षार धरत नाही.

फूल येऊन गेलं की मूळ झाड हळूहळू जातं आणि बाजूला पिल्लं येतात, केळीसारखंच. त्या मरणाऱ्या आईच्या सैल झालेल्या वाटीकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं, ती कापून टाकायला मन धजत नाही, आणि पाणी तिथे पडून राहतं.

त्या जुलैत तपासणीची माणसं आमच्याकडेही आली होती. टॉर्च मारून सगळ्या वाट्या बघितल्या, काही मिळालं नाही. अळ्या निघाल्या त्या तुळशीच्या कुंडीखालच्या ताटलीत.