पार्श्वभूमी : आकाशी-नारिंगी पट्टा आणि २५ गाड्यांची अट

सोलापुरात होटगी रोडला किंवा सात रस्त्याला संध्याकाळी उभं राहिलं, तर आकाशी रंगाची, मधोमध नारिंगी पट्टा मारलेली आणि दारावर पांढऱ्या गोलात नंबर टाकलेली एखादी हॅचबॅक हमखास दिसते. गाडी मारुतीची, पट्टा ल मां या फ्रान्समधल्या २४ तासांच्या शर्यतीचा. पोरांना विचारलं तर ‘गल्फचं रॅप’ एवढं उत्तर मिळतं, म्हणजे गल्फ या तेल कंपनीच्या रंगांचं, गाडीवर चिकटवायचं आवरण, आणि ते बरोबरच आहे. पण असे रंग आज लाखो डॉलरच्या लिमिटेड एडिशन गाड्यांवर का येतात, हे समजून घ्यायचं तर रंगाच्या आधी आकड्यांकडे जावं लागतं. किती गाड्या बनवायच्या हा प्रश्न एके काळी शर्यतीच्या नियमाचा होता. विक्रीचा तो नंतर झाला.

देशादेशांच्या रंगांची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून थोडक्यात. विसाव्या शतकाच्या आरंभी गॉर्डन बेनेट चषक या मोटर शर्यतीसाठी देशांना रंग वाटले गेले : फ्रान्सला निळा, जर्मनीला पांढरा, बेल्जियमला पिवळा. लाल सुरुवातीला अमेरिकेकडे होता, इटलीकडे तो नंतर आला. १९०३ ची शर्यत आयर्लंडमध्ये झाली आणि तेव्हापासून ब्रिटनला हिरवा चिकटला. जर्मन गाड्या चंदेरी झाल्या त्याची कथा अशी : १९३४ साली वजनाची मर्यादा ७५० किलो, मर्सिडीजची गाडी भरली ७५१, म्हणून रातोरात रंग खरवडला आणि खालचं ॲल्युमिनियम उघडं पडलं. किस्सा झकास आहे. पण त्याच कंपनीची चंदेरी गाडी १९३२ मध्येच धावली होती, आणि ज्या शर्यतीबद्दल हे सांगतात तिला वजनाची ती अट लागू नव्हती, असं जुनी कागदपत्रं चाळणारे म्हणतात.

खरा गुंता साठच्या दशकातला. जीटी (ग्रँड टूरिंग) गटात उतरायचं तर त्या मॉडेलच्या बारा महिन्यांत किमान १०० गाड्या बनवलेल्या असाव्यात, असा मोटर शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा दंडक होता. हेतू साधा : गाडी दुकानात विकली जाणारी हवी, फक्त शर्यतीपुरती बनवलेली नको. फेरारीने १९६२ मध्ये २५० जीटीओ आणली ती आपल्याच आधीच्या २५० जीटीची सुधारित आवृत्ती म्हणून, आणि संघटनेने ती मान्य केली. पुढे त्या मालिकेच्या गाड्या एकूण ३६ झाल्या. शंभर नाहीच.

मग आली २५० एलएम. हिचं इंजिन चालकाच्या मागे, सांगाडा वेगळा, आणि पहिली गाडी सोडली तर इंजिनही ३.३ लिटरचं. नाव मात्र जुनंच, २५०. ही सुद्धा जुन्या गाडीचीच सुधारणा आहे, असा कारखान्याचा दावा. या वेळी संघटनेने मान हलवली नाही. शंभर गाड्या दाखवा, मग बघू. तेव्हा तयार होत्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. शेवटपर्यंत बनल्या ३२. नियमाच्या भाषेत संघटना बरोबर होती, यात शंका नको. पण दोन वर्षांपूर्वी ३६ वर समाधान मानणाऱ्यांना अचानक शंभरची आठवण यावी, हेही पचायला जड जातं. इतकी वर्षं झाली तरी या निर्णयावर दोन तट आहेत, आणि प्रस्तुत लेखकाचं झुकतं माप कारखान्याकडे आहे हे वाचकांच्या लक्षात आलंच असेल.

इटलीच्या राष्ट्रीय मोटर संघटनेनेही बाजू लावून धरली नाही, म्हणून कारखान्याचा मालक भडकला. परवाना परत केला, आणि आता इटलीच्या लाल रंगात गाडी उतरवणार नाही असं जाहीर केलं. त्यामुळे १९६४ च्या हंगामातल्या फॉर्म्युला वनच्या शेवटच्या दोन शर्यतींत, वॉटकिन्स ग्लेन आणि मेक्सिको सिटीत, फेरारी अमेरिकी विक्रेत्याच्या संघाकडून पांढऱ्या-निळ्या रंगात धावली. दोन्हीकडे त्यांचा ब्रिटिश चालक दुसरा आला आणि एका गुणाने जगज्जेता झाला. म्हणजे या कंपनीचं एक जगज्जेतेपद पांढऱ्या-निळ्या गाडीत पक्कं झालं, आणि त्याचं कारण रंगारी नव्हता, शंभरचा आकडा होता. राग वर्षभरही टिकला नाही; पुढच्या हंगामात लाल परत आला. नाकारलेली २५० एलएम १९६५ मध्ये प्रोटोटाइप, म्हणजे खास शर्यतीसाठी बनवलेल्या गाड्यांच्या, गटातून ल मां जिंकून गेली. त्याच गाडीला २०२५ च्या पॅरिसच्या लिलावात जवळपास साडेतीन कोटी युरो मिळाले.

आकाशी-नारिंगीही आकड्यांच्याच मागून आली. १९६८ पासून प्रोटोटाइप गाड्यांना ३ लिटरची मर्यादा लागली. ५ लिटरपर्यंतच्या गाडीला मुभा होती, पण किमान ५० बनवलेल्या हव्यात. फोर्डची ७ लिटरची आणि फेरारीची ४ लिटरची गाडी घरी बसली. फोर्डचीच जुनी जीटी४० मात्र पन्नासाच्या वर बनलेली होती, ती आत शिरली आणि १९६८, १९६९ अशी दोन वर्षं ल मां जिंकली. दोन्ही वेळा तीच एक गाडी, चासी (सांगाडा) क्रमांक १०७५, पहिल्यांदा ९ नंबर आणि दुसऱ्यांदा ६. २४ तासांनंतर १९६९ मध्ये पहिल्या-दुसऱ्या गाडीतलं अंतर उरलं शे-सव्वाशे मीटरचं. तिच्यावरचा आकाशी रंग मुळात गल्फचा नव्हताच. कंपनीचा निळा गडद. आकाशी-नारिंगी जोडी कॅलिफोर्नियातल्या, गल्फने विकत घेतलेल्या एका छोट्या तेल कंपनीची होती. गडद निळ्यापेक्षा ती शर्यतीत उठून दिसेल, असं वाटलं आणि घेतली. त्याच सुमाराला फॉर्म्युला वनमध्येही जाहिरातीला परवानगी मिळाली आणि देशांचे रंग मागे पडले.

पन्नासाची अट लवकरच २५ वर आली. पोर्शेने ९१७ बनवायला घेतली. मार्च १९६९ मध्ये तपासनीस आले तेव्हा जेमतेम तीन गाड्या जोडून झाल्या होत्या, बाकीच्या सुट्या. ‘उभ्या करून दाखवा,’ असं सांगून ते गेले. एप्रिलमध्ये कारखान्याच्या आवारात २५ गाड्या ओळीने उभ्या. जोडायला ऑफिसातले कारकूनही बसवले होते, असं सांगतात. १९७२ च्या अखेरीस आलेल्या पोर्शेच्याच कॅरेरा आरएस २.७ ला ५०० ची अट होती. एवढ्या खपतील का, याची विक्री विभागालाच धास्ती. विकल्या गेल्या १,५८०. पांढऱ्या गाडीवर दाराखाली लाल, निळी किंवा हिरवी अक्षरं आणि चाकं त्याच रंगाची, ही जोडी तिथलीच. आज ती लिमिटेड एडिशनची खूण मानली जाते. तेव्हा मात्र ५०० ही पायरी गाठायची होती, तिथे थांबायचं नव्हतं.

आता आकडा वरून लागतो. पोर्शेने ९१८ स्पायडर ९१८ च बनवल्या. २०१६ ची ९११ आर ९९१, कारण त्या पिढीचा कारखान्यातला क्रमांक ९९१. २०२० ची टार्गा हेरिटेज एडिशन ९९२, कारण पुढच्या पिढीचा ९९२. यात शर्यतीचा कुठलाच नियम नाही. फोर्डने जीटीची २००६ ची आवृत्ती आकाशी-नारिंगीत काढली आणि २०१९ ला ९, २०२० ला ६ नंबर टाकून पुन्हा काढली. निदान नंबर तरी खऱ्या गाडीचे आहेत.

मर्जीचा रंग हा याच व्यवसायाचा दुसरा हात. ग्राहकाने नमुना द्यायचा, कारखान्याने तो गाडीवर बसतो का हे तपासायचं आणि मग अनेक महिने थांबायचं. आपल्याकडे चादरीच्या सुताच्या लड्या रंगवणाऱ्यांना हे नवं नाही : नमुन्याबरहुकूम शेड पहिल्या लॉटला आली तरी दुसऱ्या लॉटला ती पुन्हा काढणं हेच खरं काम. अक्कलकोट रोडच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्यांकडेही आकाशी रंग आधी पत्र्याच्या तुकड्यावर फवारतात, उन्हात धरतात, मग ट्यूबलाइटखाली. दोन्हीकडे एकच दिसला तर गाडीला हात लावतात. निळ्यात नेहमी फसगत होते, पांढऱ्यात क्वचित.

आपल्या पोरांचा कल रॅपकडे आहे तो खर्चामुळे, आणि आरसीवरच्या रंगाच्या रकान्यामुळेही. मूळ रंग बदलला की एमएच-१३ च्या कार्यालयात नोंद बदलून घ्यावी लागते. पूर्ण गाडी झाकणाऱ्या रॅपलाही हाच प्रश्न येतो, म्हणून बरेच जण पांढऱ्या गाडीवर नुसता पट्टा आणि नंबरचा गोल लावून भागवतात.