किल्ला आधी, वेरूळ नंतर : देवगिरीच्या एकदिवसीय सहलीसाठी गाडी ठरवणाऱ्या ग्राहकांना माहिती

जालन्याहून मित्रमंडळींसह एका दिवसात देवगिरी, म्हणजेच दौलताबादचा किल्ला पाहून येण्यासाठी आमच्याकडे गाडी ठरवणारे ग्राहक एकच प्रश्न इतक्या वेळा विचारतात की, त्याचे उत्तर दर वेळी फोनवर देण्यापेक्षा छापून आगाऊ रकमेच्या पावतीसोबतच द्यावे, असे आम्ही ठरवले. प्रश्न असा असतो : "आधी वेरूळ करू, मग घृष्णेश्वर, जेवण, आणि किल्ला काय, वाटेवरच आहे, तो येताना पाहू. चालेल ना?" गाडीच्या दृष्टीने चालेल. मात्र या क्रमाने गेलेल्या बहुतेक मंडळींचा किल्ला पाहायचा राहतो. ते महाद्वार पाहतात, चाँदमिनारासमोर फोटो काढतात आणि उरलेला किल्ला पुढच्या वेळेसाठी ठेवून परत येतात.

चूक होते ती "वाटेवर" या शब्दामुळे. किल्ला खरोखरच छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, शहरापासून सुमारे 15 किलोमीटरवर आहे आणि गाडीतून तो संपूर्ण दिसतो, त्यामुळे तासाभरात वर जाऊन येऊ असे वाटते. प्रत्यक्षात पायथ्यापासून माथ्यापर्यंत साडेसातशेच्या आसपास पायऱ्या आहेत, वर जाण्याची आणि खाली येण्याची वाट एकच आहे, आणि ती वाट बांधणाऱ्यांनी येणाऱ्याचा वेळ जावा याच हेतूने बांधली आहे. महाकोटाच्या, म्हणजे किल्ल्याच्या मुख्य तटबंदीच्या, दरवाज्यांतून सरळ आत जाता येत नाही, प्रत्येक ठिकाणी वळावे लागते. शत्रूच्या हत्तींना धाव घेता येऊ नये म्हणून केलेली ही योजना आज आठ मित्रांच्या घोळक्यालाही तितकीच अडवते, कारण वळणावर ठेवलेल्या तोफांपाशी प्रत्येकाला थांबायचे असते. त्यापुढे सरस्वती बाव, हत्ती हौद, भारतमाता मंदिर आणि 1435 साली बहमनी राजवटीत उभारलेला सुमारे 63 मीटर उंचीचा चाँदमिनार आहे. एवढे होईपर्यंत पाऊण तास निघून जातो, आणि खरी चढण अजून सुरूही झालेली नसते.

ज्यासाठी जायचे ते पुढेच आहे. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा याला औरंगजेबाने कैदेत ठेवले तो चिनी महाल, मागच्या बाजूला मेंढ्याचे तोंड कोरलेली मेंढा तोफ, अखंड कातळात खोदलेला खंदक, आणि खंदक ओलांडला की अंधारी, म्हणजे कातळातून वर जाणारा काळोखा भुयारी मार्ग. अंधारीत भर दुपारीही समोरचा माणूस दिसत नाही, पायऱ्यांची उंची सारखी नाही, वटवाघळांचा वास येतो, आणि टॉर्च एकाच्या हाती असेल तर बाकीचे सात जण भिंत चाचपत एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून चालतात. अंधारीतून बाहेर पडल्यावर पुन्हा पायऱ्या, मग गणपतीचे मंदिर, शाहजहानच्या काळातील बारादरी, आणि त्याहून वर, माथ्याजवळ, जनार्दन स्वामींचे स्थान. पैठणच्या एकनाथ महाराजांचे हे गुरू याच गडाचे किल्लेदार होते, त्यामुळे आमच्याकडून जाणारी वडीलधारी मंडळी बहुधा याच ठिकाणासाठी नेट धरून वर चढतात. थांबत, बसत, पाहत जाणाऱ्या गटाला यासाठी तीन ते साडेतीन तास लागतात. गावातील व्यायामशाळेची मुले दीड तासात जाऊन आल्याचे सांगतात. ती खरेच येतात, पण त्यांना मेंढा तोफ कोणत्या बुरुजावर होती असे विचारले तर आठवत नाही.

गेल्या हिवाळ्यात दहावीच्या एका जुन्या वर्गातील आठ मित्रांनी आग्रहाने वेरूळ आधी घेतले. कैलास लेण्यातून त्यांचा पाय निघेना, जेवण लांबले, आणि गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी लागली तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. तिघे घाईने वर गेले, चौघे हत्ती हौदापाशी टेकले, आणि आठव्याचा फोन गाडीतच चार्जिंगला राहिला होता. उतरल्यावर त्याला शोधण्यात पाऊण तास गेला. तो चिनी महालाच्या सावलीत मीठ लावलेला पेरू खात इतरांची वाट पाहत बसला होता. गाडी जालन्यात रात्री साडेदहाला पोहोचली, जादा तासांचे पैसे लागले, आणि "ड्रायव्हरने आधी सांगायला हवे होते" अशी तक्रार आली. ड्रायव्हरने सकाळी दोनदा सांगितले होते. तरीही ती तक्रार आम्ही मनाला लावून घेतली, म्हणून हे पत्रक.

यासाठी आम्ही सुचवतो तो क्रम असा आहे. सकाळी सात वाजता सर्वांनी एकाच ठिकाणी जमावे. घरोघरी जाऊन एकेकाला घेण्यात जालना शहरातच एक तास मोडतो आणि तो तास पुढे किल्ल्यावरच कापला जातो. गाडी समृद्धी महामार्गाने जाऊन माळीवाड्याला उतरते, त्यामुळे संभाजीनगर शहरातील गर्दी पूर्ण टळते आणि ऊन चढण्याआधी आपण पायथ्याशी असता. या मार्गाचा टोल जुन्या रस्त्यापेक्षा अधिक पडतो, हे आम्ही लपवत नाही. परंतु वाचलेला वेळ थंड वेळेतील आहे, आणि मार्च ते मे या काळात बारानंतर तापलेल्या काळ्या कातळावर चढलेल्या कोणालाही त्याची किंमत समजावून सांगावी लागत नाही. समृद्धीवर दुचाकींना परवानगी नाही, तेव्हा "दोघे जण मोटारसायकलवर मागून येतील" हा बेत कृपया करू नये.

किल्ला साडेबारापर्यंत उरकला की पायथ्याशी जेवावे. घरून धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी आणणाऱ्या गटांचा वेळ आणि पैसा दोन्ही वाचतात, मात्र डबे गाडीतच ठेवावेत, कारण वानरे हातातील पिशवी ओढून नेतात. पाणी मात्र प्रत्येकाने स्वतःजवळ बाळगावे आणि बाटल्या निघतानाच मोजून घ्याव्यात. 1296 साली अल्लाउद्दीन खिलजीने वेढा दिला तेव्हा रामदेवरायाच्या लोकांनी धान्याच्या समजून वर नेलेल्या गोण्यांत मीठ निघाले, अशी कथा गडावर सांगितली जाते. आमच्या एका गटाच्या पाण्याच्या खोक्यात वर गेल्यावर फक्त सोडा निघाला होता.

दुपारी वेरूळकडे जाताना घाटात दिल्ली दरवाजा लागतो. रस्ता या जुन्या दरवाज्यातूनच जातो, त्यातून एका वेळी एकच मोठी गाडी निघते, आणि रविवारी संध्याकाळी येथे लांबच लांब रांग लागते. परतीला आपणही त्या रांगेत असाल, यात शंका नाही. फरक एवढाच की, किल्ला आधी पाहिलेला असेल तर त्या रांगेत घरचे जेवण थोडे लांबते, आणि किल्ला राहिलेला असेल तर त्याच रांगेत तिकीट खिडकी बंद होण्याची वेळ निघून जाते. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, हेही वार ठरवताना लक्षात असावे. श्रावणातील सोमवारी घृष्णेश्वराला आणि शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीला मोठी गर्दी असते, पायी जाणारे भाविक रस्त्यावर असतात आणि वाहतूक वळवली जाते. त्या दिवसांसाठी आम्ही किल्ल्याच्या सहलीची नोंदणी घेत नाही. दर्शनासाठी जायचे असल्यास गाडी अवश्य देतो.

आता भाड्याबद्दल. आमच्याकडे दिवसाला किमान 250 किलोमीटर धरले जातात, आणि जालना, देवगिरी, वेरूळ करून परत येणे दोनशेच्या आतच बसते. "उरलेल्या किलोमीटरमध्ये अजिंठा बसवा" अशी सूचना त्यामुळे नेहमी येते. वेरूळहून अजिंठा शंभर किलोमीटरच्या आसपास आहे आणि तेथून जालना वेगळेच. ते त्या किलोमीटरमध्ये बसत नाही आणि त्या दिवसातही बसत नाही. किमान किलोमीटरचा नियम आम्ही ठेवला तो गाडी आणि ड्रायव्हर दिवसभर आपल्यासाठीच थांबून असतात म्हणून. या व्यवसायातील सर्वच जण तो ठेवतात. आम्ही तो आधी लिहून देतो एवढेच. बारा तासांनंतर जादा तासाचा दर लागतो. किल्ला आधी घेणाऱ्या गटांना तो सहसा लागत नाही, आणि यात आमचे उत्पन्न कमी होते हे आपल्या लक्षात आले असेलच. ड्रायव्हरचा भत्ता, टोल आणि पार्किंग वेगळे.

सात जणांपर्यंत मोठी कार पुरते. आठ ते तेरा जणांसाठी टेम्पो ट्रॅव्हलर घ्यावी. आठव्याला मागे दाटीवाटीने बसवण्याची विनंती ड्रायव्हरला करू नये, तो नाही म्हणेल आणि आम्ही त्याच्याच बाजूने असू.

दसऱ्यानंतर गेल्यास दौलताबाद परिसरातील सीताफळे रस्त्याकडेला विकायला असतात आणि ती घेतल्याशिवाय कोणी परतत नाही. डोळे नुकते उघडलेली, पण दाबल्यावर टणक लागणारी फळे घ्यावीत आणि ती परतीच्या वेळी घ्यावीत. सकाळी घेतलेली पिकलेली टोपली दिवसभर बंद गाडीत राहिली, तर संध्याकाळी डिकीत गर उरतो. रिकामे खोके आणि जुनी वर्तमानपत्रे आमच्या प्रत्येक गाडीत ठेवलेली असतात, ती ड्रायव्हरकडे मागावीत. थर्मासमधील चहा आणि दोन टॉर्चही गाडीत असतात. टॉर्चचे वेगळे पैसे नाहीत, अंधारीतून बाहेर आल्यावर त्या परत कराव्यात.

शनिवार-रविवारची नोंदणी किमान चार दिवस आधी करावी. नोंदणी करताना गटातील एकाच व्यक्तीचा क्रमांक द्यावा आणि त्या व्यक्तीने फोन गाडीत ठेवून गडावर जाऊ नये.