क्युरेटर म्हणजे फक्त चित्रं टांगणारा?

“क्युरेटर म्हणजे प्रदर्शनात चित्रं टांगणारा,” हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. साहजिकच आहे, आपल्याला दिसते ती सजलेली भिंतच.

पण आधीचं काम पाहा. सोलापुरी चादरीवर प्रदर्शन करायचं, तर स्वतंत्र, म्हणजे कुठल्या संस्थेत नोकरीला नसलेला, क्युरेटर आधी सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकरांशी बोलणार, अनेकदा तेलुगूत. जॅकार्डची, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेची, भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं निरखणार. कुठला धागा उचलायचा हे त्या भोकांवरच ठरतं. किती सुंदर गोष्ट आहे ही! मग कलाकारांची निवड, जागा, उसन्या वस्तूंचे करार, विमा, भिंतीवरचा मजकूर. महिन्याचा पगार नाही. प्रकल्पागणिक मानधन, फेलोशिप, लेखन, शिकवणं यांवर भागवायचं.

खात्री करायचीय? पुढच्या प्रदर्शनात प्रवेशाजवळचा मजकूर आणि श्रेयनामावली वाचा. संकल्पना, संशोधन आणि मांडणी कुणाची, हे अनेकदा तिथे वेगवेगळं दिलेलं असतं.